गच्चीवरून गुरू

२० जानेवारी, मंगळवार
बायनॉक्युलर की टेलिस्कोप — लागला निकाल. टेलिस्कोप! ११४ मिलिमीटरचा. दुकानदार म्हणाला, "भिंग मोठंय साहेब." भिंग नव्हे, आरसा. मोठा म्हणजे किती, तेही मीच त्याला सांगितलं.
हिला बायनॉक्युलर हवी होती. "देवानं डोळे दोन दिलेत की ओ! एक मिटून कशाला बघायचं?" अभ्यास नसला की असं होतं. रुसून गड्ड्याच्या जत्रेतून खेळण्यातली एक घेऊन आली. निळी!

२१ जानेवारी
ढग.

२२ जानेवारी, गुरुवार
सापडला! पूर्वेला, घरांच्या जरा वर. गुरू! रंग तांबूस. त्याचा चंद्र एकही दिसला नाही — चारही त्याच्या मागे गेले असणार. फार क्वचित घडतं हे. मला पहिल्याच दिवशी!
जिन्यात खालचे वीरभद्रप्पा भेटले. सांगून टाकलं, रविवारी अख्ख्या बिल्डिंगला दाखवतो.
"आणि न्हाई दिसला तर?"
"तर टेलिस्कोप तुमचा!"

२४ जानेवारी, शनिवार
तिपाईच्या पायांच्या जागा खडूने आखल्या. ग्रह सरकत राहतो, नळी सारखी हलवावी लागते, असं सगळीकडे लिहिलंय. माझा गुरू तासभर जागचा हलला नाही. जोडणी अचूक असली की असं!

२५ जानेवारी, रविवार
फत्ते! गच्चीवर रांग. वीरभद्रप्पांच्या मायाक्कांनी तर हात जोडले. स्वतः वीरभद्रप्पा बराच वेळ डोळा लावून होते. "लई जवळ वाटतोय की ओ!" म्हटलं, आरशाची कमाल.
ही कठड्याशी, निळी घेऊन. मध्येच तोंडाला पदर लावला. थंडी वाजली असेल.

२७ जानेवारी, मंगळवार
आज उजेड असतानाच डोळा लावला. नळी रविवारच्याच जागी.
गुरूवर माणूस!
हातात पाना. मोबाइलच्या टॉवरचा दिवा बदलतोय. उलटा लटकलेला दिसतो — आरशाच्या टेलिस्कोपात उलटंच दिसतं, तेवढं बरोबर आहे.
हिला हाक मारली. "मला रविवारीच दिसला की टॉवर. चारचौघांत कसं बोलू?"
आणि वीरभद्रप्पांना?
"न्हाई सांगत. पण बायनॉक्युलर चांगली घ्यायची."

२८ जानेवारी
दहा गुणिले पन्नासची बायनॉक्युलर मागवली. गुरू कुठे आहे, ते हीच दाखवणार आहे.