गल्लीचा पडदा

आश्विन शुद्ध १, शके १८३३

आण्णा चहावाले आज पुन्हा शाळेत आले! मुलांसमोर काय बोलणार? व्हरांड्यात नेलं. यंदा नवरात्रात आमच्या गल्लीच्या मंडपाची सगळी दिवाबत्ती ते करणार. बदल्यात गाणाऱ्यांच्या मागच्या पडद्यावर चहाचा डबा आणि दुकानाचं नाव. देवीपुढं भजन चालू आणि मागं डबा? ते हसले. "मास्तर, च्या सगळीच पित्यात की." पितात. मीही पितो. पण नाही म्हणजे नाही.

शुद्ध २

गल्लीची बैठक. पिराजी पैलवान आण्णांच्या बाजूचा. फुकटचा उजेड कशाला लाथाडायचा, एवढंच त्याचं म्हणणं. मी भडकलो. घरोघरची जुनी धोतरं-लुगडी मागून झुंबरबाईंनी पडदा शिवला, कुणी तेल देतं, कुणी बसायला घोंगडी. कुणाचं नाव लावलं का कधी? शेवटी ठरलं — पडद्यावर नाव कुणाचंच नाही, आणि समया ज्यानं त्यानं घरून आणायच्या. जिंकलो! घरी येताना उगाचच छाती काढून चालत होतो.

शुद्ध ४

अल्लाउद्दीननं पडदा रंगवून पुरा केला. एरवी गाड्या, दारं रंगवून पोट भरतो. यासाठी पंधरा दिवस दुपारचा डोळ्याला डोळा नाही. पंचगंगेचा घाट काढलाय. झुंबरबाई लुगडं सावरून म्हणाल्या, जवळ गेलं तर पाय भिजतील बाई!

जाताना त्यानं हळूच विचारलं, कोपऱ्यात बारीक नाव घालू का? हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण मग आण्णांना कोणत्या तोंडानं अडवू? नियम सगळ्यांना सारखा, म्हटलं. "बरं, मास्तर," म्हणाला आणि कुंचले धुवायला गेला.

शुद्ध ५

ललितापंचमी. सारं गाव त्र्यंबोलीच्या जत्रेला टेकडीवर. मंडपात मी आणि पडदा.

शुद्ध ७

गावात मुक्कामाला असलेल्या नाटक कंपनीचे मॅनेजर मंडपात आले. गाणं राहिलं बाजूला, पडद्यालाच नाक लावून उभे! कुणी काढला, म्हणाले. मी ताठ मानेनं सांगितलं, "कुणा एकाचा नाही. साऱ्या गल्लीचा आहे." त्यांनी मान हलवली, सुपारी तोंडात टाकली, गेले. अल्लाउद्दीन नव्हता — गडमुडशिंगीला सासरे आजारी. त्याला हे सांगितलं पाहिजे, खूश होईल.

शुद्ध ९

खूश! त्याची बायको मेहमुदा आज शाळेच्या दारात उभी. कंपनीला पडदे रंगवणारा पगारी माणूस हवा होता. अल्लाउद्दीननंच चिठ्ठी धाडली होती, पडदा बघायला या म्हणून. कंपनी आज पहाटे मिरजेला गेली.

"त्यांनी तुमास्नीच इचारलं न्हवं, मास्तर? मग नाव सांगायला काय झालंतं?"

नियम पडद्यावरच्या नावाचा होता. तोंडाला कुणी कुलूप घातलं होतं? मला नियम नव्हता सांभाळायचा, मिरवायचा होता. लाज वाटली. मॅनेजरांना सगळं खरं लिहून पत्र टाकलं.

शुद्ध १०

दसरा. अल्लाउद्दीनला सोनं द्यायला गेलो. घरी नव्हता म्हणे. आत कुणीतरी खोकत होतं.

कार्तिक शुद्ध ३

मिरजेहून उत्तर आलं — जागा भरली. सांगायला बाजारात गेलो. अल्लाउद्दीन शिडीवर होता, आण्णांच्या दुकानाची नवी पाटी रंगवत. पाटीच्या खालच्या कडेला स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं : 'चित्रकार अल्लाउद्दीन, कोल्हापूर'. आण्णांनीच लिहायला लावलं म्हणाला.