आता लेखकाने बोलावं

ती. मंजुळाआत्यास,

अजिंक्यचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी खाली बसू नको म्हणून सांगितलंय, तरी तू ओट्यावर बसून शेपू निवडत असणार.) फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. मोशीत सगळे खुशाल असतील. इकडेही सगळे बरे आहेत, मी सोडून.

तळेगावच्या विद्यापीठात मी पोरांना गोष्टी लिहायला शिकवतो, हे ऐकून तू विचारलं होतंस, "ह्याचा पगार देत्यात व्हय?" देतात, आत्या. स्टाफरूममध्ये शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या, कविता शिकवणाऱ्या उत्कर्षालाही देतात. आमच्या वर्गात एक नियम आहे, आम्ही दोघांनीच केलेला. ज्याचं लिखाण वाचलं जाईल त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी चिरफाड करायची, त्याने मान खाली घालून टिपून घ्यायचं. सगळ्यांचं झालं की आमच्यापैकी एकजण म्हणतो, आता लेखकाने बोलावं. मग तो बोलतो. (बहुतेक वेळा रडतो.)

तर आमच्या मनातलं आईने ओळखलं, उत्कर्षाच्या घरी फोन लावला आणि गेल्या रविवारी आम्ही पिंपळे सौदागरला बोलणी करायला गेलो. अण्णांनी तुला नुसतं 'जमलं नाही' एवढंच सांगितलं असेल. आता सविस्तर ऐक. तिचे वडील यशवंतराव जन्मभर भोसरीच्या एका कंपनीत माल तपासायला होते. बारीकसा चरा दिसला तरी नापास. पोहे खाता खाता त्यांनी मला तपासायला घेतलं. नोकरी कंत्राटी, नावावर पुस्तक एकही नाही, गाडीचा इंडिकेटर तुटका. तिची जयमालामावशी म्हणाली, तब्येत अगदीच किरकोळ. त्यावर आपली आई (आपली, आत्या!) म्हणाली, सकाळी उठतही नाही.

आणि मी काय केलं? सवयीने मान खाली घातली, खिशातलं पेन काढलं आणि पोह्यांबरोबर दिलेल्या कागदी रुमालावर सगळं टिपून घेतलं. मुद्दे चांगले होते गं. समोर उत्कर्षाही तशीच गप्प, कारण विषय तिचाही होता. अण्णा सारखे खाकरत होते. मी ते एक वाक्य कुणीतरी म्हणेल म्हणून थांबलो होतो, पण लग्नाच्या बोलणीत ते वाक्य कोण म्हणणार! शेवटी यशवंतरावांनी कप खाली ठेवला. "मुलगा एक शब्द बोलला नाही. त्याच्या मनात नाही, तर जबरदस्ती कशाला?" सगळे उठले. नेलेला नारळ पिशवीतच राहिला. लिफ्टमध्ये मला एकाहून एक उत्तरं सुचली.

हसू नकोस. मला तीच हवी आहे. पोरांच्या अगदी टाकाऊ कवितेतूनही ती एक बरी ओळ शोधते आणि म्हणते, इथून सुरू कर. माझ्यातही तिला अशी एखादी ओळ सापडली असावी, असं मला वाटत होतं. आता तेही खात्रीने सांगता येत नाही.

मामांना नमस्कार. औषधं वेळेवर घे.

तुझा,
अजिंक्य

ता. क. : येत्या रविवारी माझ्याबरोबर पिंपळे सौदागरला चल. लिफ्ट आहे, गुडघ्याला त्रास नाही. तू फक्त बोल. तुझ्यापुढे यशवंतरावांचं काही चालायचं नाही.

ता. क. २ : आत्या, नमस्कार. मी उत्कर्षा. पाकीट बंद करण्याआधी अजिंक्यने पत्र मला तपासायला दिलं. लांबण फार लावली आहे, शेपू काढता आला असता. पण मोठी चूक वेगळीच आहे. बाबांना विचारून झालं, तुम्हालाही विचारून झालं, मला मात्र याने अजून विचारलेलंच नाही. तुम्ही गुडघा सांभाळा, बाबांकडे मी बघते. आत्ता स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच आहोत. तो समोर मान खाली घालून बसला आहे. मी पेन खाली ठेवते आणि त्याला सांगते, आता लेखकाने बोलावं.