तन्वीचे उपास

२८ जुलै, सोमवार
पहिला श्रावण सोमवार. तन्वीने आपणहून उपास धरला. नववीतली पोर, कोणी सांगितलं नव्हतं. साबुदाणाही नको म्हणाली, नुसतं पाणी. शेजारच्या सुमनवहिनी म्हणाल्या, "आमची खिचडीसाठी उपास धरते, तुझी देवासाठी. नशीब काढलंस गो." दिवसभर बरं वाटलं.

५ ऑगस्ट, एकादशी
त.चा आजही कडक उपास. शनिवारीही होता. ह्यांचा बोटीवरून फोन आला, तेव्हा सांगितलं. म्हणाले, "तुझ्या वळणावर गेली." तांदळाचा डबा अजून अर्धा आहे.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
नारळीभात केला. त. म्हणे, "आज शुक्रवारचा उपास." सणाच्या दिवशी? पण देवाच्या नावाला नाही कसं म्हणायचं. वाडीत गणपतीसाठी मुलींचा नाच बसवतायत, तालमीला उपाशीच गेली. गाणं सारखं तेच, बारीक कमरेचं. भांडी घासताना मीही गुणगुणत होते.

११ ऑगस्ट, सोमवार
त. शाळेत चक्कर येऊन पडली. बाई रिक्षाने घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, हिच्या पोटात काही नाही, किती दिवस चाललंय? मी बोटांवर उपास मोजू लागले.
संध्याकाळी विचारलं. म्हणाली, "मला मागच्या ओळीत टाकलंय. पुढे सगळ्या बारीक. त्या गाण्यावर माझ्यासारखी पुढे नाचली तर लोक हसतील, आई."
"मग देवाचं नाव कशाला घेतलंस?"
"उपास म्हटलं की तू जेव म्हणत नाहीस."
खरंच आहे ते.

१२ ऑगस्ट, अंगारकी
लग्नाआधीपासून एक संकष्टी चुकवली नाही. आज त.ला घरी ठेवलं. दुपारी भात-आमटी वाढली.
"तुझा उपास आहे ना? मग माझाही."
देवापुढे हात जोडले. काय मागितलं ते लिहीत नाही. दुसरं ताट घेतलं, तिच्यासमोर बसून जेवले. ती बघत राहिली.
"आई, चंद्र कुठे उगवलाय अजून?"
"खा गो."
चार घास खाल्ले. मग भात नुसता ताटभर पसरत बसली. नाच सोड, असं म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं की काय, कळत नाही.
अडीच वाजले. मी हात धुतले. ती अजून ताटावरून उठलेली नाही.