उजवा खालचा पंख

४ ऑगस्ट १९९६, वरकुटे
बारामतीला जाऊन आलो. मोहनरावांनी निरोप धाडला होता. पाइपचा कारखाना असलेला माणूस, हौसेनं विमान चालवायला शिकलेला. नव्या धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि ताडपत्री ओढली. टायगर मॉथ! एकावर एक असे दोन पंख, सगळं लाकूड नि कापड. भंगारातून सोडवलंय म्हणे. इंजिनात चिमण्यांची घरटी, कापडाच्या चिंध्या.
शेपटीवरचा रंग नखानं खरवडला. खालून जुना नंबर निघाला. ओळखीचा. हवाई दलात लागलो तेव्हा रोज सकाळी हेच विमान पंखा हातानं फिरवून चालू करायचो. बावीस वर्षांचा होतो. नाक शिंकरायच्या निमित्तानं बाहेर गेलो. मोहनराव मागोमाग आले.
"तात्या, उडेल का हो?"
"उडवायलाच केलंय ते," म्हणालो.

९ ऑगस्ट
रोज बसनं जायचं ठरवलं. इथं तरी कोण वाट बघतंय? बायको, सुमन, तिला जाऊन तीन वर्षं झाली. डाळिंबं पुतण्या बघतो, पोरगी नाशिकला. परवा दुकानात साखर मागितली तर आवाज घोगरा निघाला. चार दिवस वापरलाच नव्हता.

२७ ऑगस्ट
पुण्याहून साहेब आले. निवृत्त ग्रुप कॅप्टन, आता एका म्युझियमसाठी जुनी विमानं गोळा करतात. मोहनरावांशी चांगलीच जुंपली.
"अशी उरलीत किती? तुम्ही उडवणार, एक दिवस ते पडणार. मग पुढच्या पोरांना दाखवायला काय, फोटो?"
"नुसतं उभं केल्यावर ते विमान तरी कुठं राहिलं, साहेब?"
साहेब माझ्याकडे वळले. "सार्जंट, तुमचं काय मत?"
डोकं तापलं माझं. म्हणालो, म्युझियमवाले आधी इंजिनातलं ऑइल काढतात, मग भोवती दोरी बांधतात, मग पाटी लावतात. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालावा तसं. साहेब चहा पीत राहिले. त्यांचंही चूक नव्हतं, हे घरी आल्यावर कळतंय.
शेवटी ठरलं असं. मी दुरुस्त करायचं. सव्वीस जानेवारीला साहेब येणार. मी तपासून सही केली तर विमान उडणार आणि बारामतीतच राहणार. नाही केली तर म्युझियमला. सरकारी तपासणी त्यानंतर. विमान मोहनराव मागच्या सीटवरून चालवणार, आणि सही करील त्यानं पहिल्या उड्डाणाला पुढच्या सीटवर बसायचं, आमच्या स्क्वाड्रनचा जुना रिवाज. साहेबांना तो माहीत होता. हसले.
माझ्या सहीनं गेलेलं प्रत्येक विमान परत आलंय. नोकरीत कमावलेलं म्हणावं असं एवढंच.

१४ सप्टेंबर
लाकडी सांगाडा तपासून झाला. चांगला आहे. अडलंय ते कापडाशी. पंखावर कापड चढवून चार-चार बोटांवर मेणाच्या दोऱ्यानं गाठ मारायची, हजारभर तरी गाठी. बारामतीतले दोन शिंपी बघून गेले, परत आले नाहीत.
कोऱ्हाळ्याच्या आबांची आठवण झाली. घोंगड्या विणतात. माझ्या वडिलांचा, बापूंचा, नि आबांच्या वडिलांचा कळप एकेकाळी एकाच माळावर बसायचा. आता दोन्हीकडं मेंढरू नाही, पण आबांनी माग सोडलेला नाही. गेलो. आले लगेच, तसेच, हात झटकत. पंखाभोवती फिरले, बोटानं टिचक्या मारल्या.
"हे व्हय विमान? ही तर लाकडावर घातलेली घोंगडीच हाय की, तात्या."

२ ऑक्टोबर
आबांचा हात बघत बसावा. माझी वाकडी सुई, हवाई दलातली, त्यांनी एका दिवसात आपलीशी केली. दुपारी दोघं शेडच्या सावलीत भाकरी खातो. ते आपल्या मेलेल्या कुत्र्याबद्दल बोलतात, मी सुमनबद्दल. कोण कुणाचं ऐकतं ते विचारू नये. घरी येताना बसमध्ये गुणगुणत होतो, शेजारची बाई सरकून बसली.

१८ ऑक्टोबर
दोन दिवस पुण्यात होतो, डोप आणायला. कापडावर फासायचं औषध ते. कापड मुद्दाम थोडं ढिलं ठेवायचं, डोप वाळला की ते आवळतं आणि ढोलासारखं वाजतं. चार हात द्यावे लागतात.
परत आलो तर उजव्या खालच्या पंखाचं कापड आधीच छान ताणलेलं. आबांनी शिवतानाच ओढून घेतलेलं दिसतंय. काय हात आहे.
शेडमध्ये शिरताना बापूंच्या घोंगडीचा वास आला. अगदी तोच, आंबूस. लहानपणी माळावर त्या घोंगडीत झोपायचो. पंखाशी डोळे मिटून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. म्हातारपणी नाक असं काहीबाही आठवत बसतं. बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर
डोपचा पहिला हात. आता शेडमध्ये दुसरा कसलाच वास नाही.

२४ नोव्हेंबर
इंजिन चालू झालं! चाकांना दगड, शेपूट दोरानं खांबाला. पंखा मीच फिरवला. चौथ्या झटक्याला खोकलं, धूर सोडला आणि धरलं. तोच आवाज. आबा कानांवर हात ठेवून हसत होते, मोहनराव माझ्या गळ्यात पडले. चंदेरी रंगावर ऊन. हे दोरीमागं उभं करायचं? साहेबांनी आज इथं असायला हवं होतं.
घरी सांगायला कोणी नाही, म्हणून इथं लिहितोय.

११ जानेवारी १९९७
उजव्या खालच्या पंखाला फोड. बोटभर. दाबला तर आतून चुरचुर वाजला.

१२ जानेवारी
फोड कापला. डोप पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. खाली पिवळट खपली, तिच्यात बारीक किडे, दोरा कुरतडलेला. नाकाशी नेलं.
बापूंच्या घोंगडीचा वास.
आबांना विचारलं, पंखाला काही लावलं होतंत?
"खळ. चिंचोक्याची. तुमी पुण्याला गेल्ता तवा. कापड लई ढिलं पडल्यालं, म्हनलं लोक हसतील आपल्याला. चिंचोकं भिजवून, वाटून, चांगली कढवून लावली. घोंगडीला लावतो तशीच. का ओ?"
केवढ्या अभिमानानं सांगत होते. म्हणालो, काही नाही, सहज.
खळीवर डोप धरत नाही. दव पडलं की खळ फुगते, डोप सोडते. जमिनीवर नुसता फोड दिसतो. वर हवेचा मारा लागला की अख्खं कापड सोलून निघेल.

१३ जानेवारी
लाज वाटावी म्हणून लिहून ठेवतो. आज दुपारभर मनात हेच घोळवलं, की फोड घासून वरून रंग दिला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. एक छोटीशी चक्कर तर मारायची. विमान इथं राहील, शेड राहील, आबा येत राहतील.
मग मोहनराव आले, उडताना घालायची नवी चामड्याची टोपी घालून दाखवायला.

२६ जानेवारी
सांगितलं. साहेब, मोहनराव, दोघांसमोर. खळ मी लावली म्हणालो. आबा मोटारीभोवतीच्या गर्दीत मागं कुठंतरी होते, ऐकू गेलं नसेल असं वाटलं.
साहेबांनी कापडाचा तुकडा हुंगला. "सार्जंट, तुम्ही?" एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.
मोहनरावांनी टोपी काढून हातात घेतली. "तात्या, अजून चार महिने घ्या. पंख नव्यानं करा. पण तुम्ही म्हणाल तसं." साहेब म्हणाले, म्युझियम आहे तसं न्यायला तयार आहे, त्यांच्या वर्कशॉपमध्ये पंख होईल आणि विमान जपलं जाईल. फेब्रुवारीत ट्रक येऊ शकतो. एकतीसपर्यंत पत्र टाकून कळवा.
निर्णय माझ्यावर आला. आयुष्यभर मागितला असता तरी कुणी दिला नसता.

२८ जानेवारी
आबा आले नाहीत. काल पण नाही. मोहनरावांच्या ड्रायव्हरकडून कळलं, ऐकलं होतं त्यांनी. त्याला म्हणाले, "माझ्या हातची चूक त्यांनी का घ्यावी? आमी काय चोर हाय?"
शेडमध्ये एकट्यानं भाकरी खाल्ली. उरलेली कुत्र्याला.

२९ जानेवारी
साहेबांना पत्र लिहिलं. विमान न्या म्हणून.
विमान पडायची भीती नाही वाटत. वास आला होता मला, त्याच दिवशी. पंखाशी उभा राहून हुंगला, डोळे मिटून. चौकशी केली नाही, कारण बरं वाटत होतं. एकट्या माणसाचं नाक असं फसतं, तर त्याच्या कानावर, डोळ्यांवर, सहीवर कुणी का भरवसा ठेवावा? चार महिन्यांनी पुन्हा असंच काही बरं वाटलं तर?
पत्र बरोबर आहे. वाचून बघितलं तर रडू आलं.

३० जानेवारी
पत्र टाकायला म्हणून निघालो आणि कोऱ्हाळ्याच्या बसमध्ये बसलो.
आबा अंगणात मागावर. मान वर केली नाही. मी दगडावर बसलो. इकडून तिकडं धोटा सरकवतच बोलले.
"खळ लावायची नसती, हे तवाच का न्हाय सांगितलं? कळलं न्हाय म्हंता?"
"वास आला होता, आबा. मला वाटलं बापू आठवतायत."
धोटा थांबला. सून पाणी ठेवून गेली. मी आलो तेव्हाच द्यायला हवं होतं म्हणून आबा तिच्यावर खेकसले.
मग विचारलं, "म्युझियमात दिल्यावर त्याला कोन हात लावतंय का?"
"नाही. लावू नका अशी पाटी असते."
"आन उडवायचं म्हनलं तर?"
"रोज लावावा लागतो. सगळीकडून. उडवायच्या आधी, उतरल्यावर."
"आन तुमी?"
बस चुकेल म्हणून उठलो. आबाही उठले, धोतर झटकलं, हात पुढं केला.
"ती वाकडी सुई आना हिकडं. आदी उसवावं तर लागंल. कुठं बी जाऊ दे ते मग."
सुई दिली. साहेबांना लिहिलेलं पत्रही त्याच खिशात होतं. ते अजून तिथंच आहे. उद्या एकतीस.