खाडीसाठी भरवशाची नाव

वरसे, रोहा
१७ जानेवारी १९९५

ती. सौ. अक्काच्या चरणी धाकट्या पुंडलिकाचा दंडवत.

इकडे नम्रता आणि मी ठणठणीत आहोत. तुझ्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला का? भाऊजींचा खोकला आता फक्त पाहुणे आल्यावरच येतो, असं तू लिहिलंस. म्हणजे प्रकृती सुधारत आहे. सोबत तिळगूळ पाठवला आहे. पोस्टात भुगा झाला असेल तर चमच्याने खावा, गोडी तीच.

तुझं पत्र पोचलं. धुळ्याच्या तुझ्या महिला मंडळाच्या बारा जणींना तिवरांचं जंगल आणि त्यातले पक्षी-प्राणी नावेतून बघायचे आहेत, आणि ‘भरवशाचा नाववाला शोधून दे’ असं तू मला लिहिलंस. अक्का, तू अगदी योग्य माणसाला लिहिलंस. बावीस वर्षं मी नववीला भूगोल शिकवतो. भरती-ओहोटीची आकृती डोळे मिटून फळ्यावर काढतो (एकदा खरोखरच काढली होती, फक्त चंद्र भिंतीवर गेला). शिवाय आपली पद्धत शास्त्रीय. मी अकरा प्रश्नांचा तक्ता केला: इंजिन किती ताकदीचं, तरंगती जाकिटं आहेत का, दुर्बीण मिळेल का, छापील माहितीपत्रक आहे का, इत्यादी. तो घेऊन मी सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने पेणकडे गेलो.

पहिला भेटला तो कान्हू. हा म्हणाला, मगर दाखवतो. मी म्हटलं, या खाडीत मगर नाही. तर म्हणतो, “तुम्ही या तर खरं, मग बघू.” त्याच्या नावावर काट मारली.

दुसरे हरेश, ‘जलमोती विहार’चे मालक. काय ऑफिस! काचेचं टेबल, फोन, भिंतीवर एका रोहित पक्ष्याचा फोटो (पुढे कळलं की तो कॅलेंडरातला). अकराही प्रश्नांना ‘हो सर’. रविवारी सकाळी दहाला जमेल का? ‘सर, तुमची वेळ तीच आमची वेळ.’ मला असा माणूस आवडतो.

तिसऱ्या बायजाबाई. यांच्या नावेची माहिती बसमधल्या एका मिठागरवाल्याने दिली. खाडीकाठच्या वाडीत त्या मिठाच्या ढिगाऱ्यावर गवत पसरत होत्या. मी तक्ता उघडण्याआधीच त्यांनी मला विचारलं, “कंच्या दिवशी येनार?”

“येत्या रविवारी, सकाळी दहा.”

“नाय.”

“का नाही?”

“आठम हाय. दहाला पानी उतरत असंल. दुपारी आत निसता चिखल.”

मी जरा ताठ होऊन म्हटलं, “बाई, मी भूगोल शिकवतो.”

“मंग तर तुमाला ठावं हायच,” असं म्हणून त्या परत गवत पसरायला लागल्या. अकरापैकी एकही प्रश्न त्यांनी मला विचारू दिला नाही. आता तूच सांग, तक्त्यात मी काय भरणार? हरेशना अकरापैकी अकरा मिळाले. नाव पक्की झाली.

तुमच्या बारा जणींना आणण्याआधी चाचणी घ्यावी म्हणून मी आमच्या मुख्याध्यापिका वैशालीबाईंना बोलावलं. (शाळेत पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे. याचा सहलीशी संबंध नाही, असं मी नम्रतालाही सांगितलं होतं.) आठ तारखेच्या रविवारी बाई, नम्रता आणि मी बरोबर दहाला नावेत बसलो. नारिंगी जाकिटं घातली. नावेवर गोविंदा नावाचा पन्नाशीचा शांत गृहस्थ होता. अकरापर्यंत अपूर्व आनंद! तिवरांच्या मुळ्या पेन्सिली खोचाव्यात तशा चिखलातून वर आलेल्या, निळा खंड्या, बगळे. मी बोलत होतो, बाई वहीत टिपून घेत होत्या. पर्यवेक्षकपद मला समोरच्या फांदीवर बसलेलं दिसत होतं.

मग आम्ही एका अरुंद फाट्यात शिरलो. नाव मध्येच थांबली. गोविंदाने इंजिन वाढवलं, तर मागून चहासारखं पाणी उडालं. तो वाकून बघत म्हणाला, “सर, पाणी कुठं गेलं?”

मी विचारलं, याआधी नाव कुठे चालवली? तर घाटावर, एका तलावात. बारा वर्षं. तिथलं पाणी, त्याच्या शब्दांत, “जागचं हलत नाही.” अक्का, माझ्या तक्त्यात हा प्रश्न नव्हता. बारावा म्हणून आता घातला आहे.

साडेअकराला नाव एका अंगावर कलली. चहूकडे काळा चिखल, मध्ये आम्ही चार नारिंगी माणसं. मी धीर सोडला नाही. काठापर्यंत चालत जाऊन मदत आणतो म्हणालो आणि एक पाय बाहेर टाकला. तो मांडीपर्यंत गेला. दुसरा टाकला, तोही गेला. बाईंनी आणि नम्रताने वल्ह्याला धरून मला वर ओढलं. उजवा बूट मात्र तिथेच राहिला (वहाण नव्हे, दिवाळीचा बूट). नंतर बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, वेळ आहेच. भरती-ओहोटीचा पाठ जरा घ्या ना.” अक्का, मी घेतला. चंद्राचं आकर्षण, सूर्याचं आकर्षण, सगळं. अष्टमीवर आलो आणि आवाज बसला.

बाटलीतलं पाणी दोनला संपलं. ऊन डोक्यावर. बाईंना मधुमेह आहे हे मला नावेत कळलं. त्यांचे हात थरथरायला लागले. तेव्हा मात्र पर्यवेक्षकपद वगैरे सगळं डोक्यातून गेलं. नम्रताने पर्समधल्या तिळाच्या दोन वड्या दिल्या, त्यावर तासभर निभावलं.

तीनच्या सुमाराला फाट्यात वीतभर पाणी शिरलं आणि त्याच्याबरोबरच एक लहान होडी आली. होडीत बायजाबाई, पाण्याची कळशी आणि फडक्यात भाकरी. “मिठागरावरनं नारिंगी दिसलं. वाटलं, कुनी मांडव घातलाय,” एवढंच त्या म्हणाल्या. आठमीचं नावसुद्धा काढलं नाही. (काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.) बाईंना आधी भाकरी खायला लावली, मग हात धरून होडीत घेतलं. “गुरुजी, तुमी मागनं या, नाव हलकी व्हऊ द्या.” नम्रताही होडीत गेली; पाणी चढून नाव सुटल्यावर गोविंदा आणि मी वल्हं मारत होडीमागे निघालो. परतीच्या वाटेवर त्यांनी वल्हं थांबवून बोट दाखवलं. तिवरांखाली पाणमांजरांची जोडी मासा वाटून घेत होती. बाई टाळी वाजवणार होत्या, बायजाबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

तेव्हा माझा निर्णय, पूर्ण विचारांती: नाव बायजाबाईंचीच (ती लहान होडी नव्हे, बारा जणी बसतील अशी मोठी आहे त्यांच्याकडे). दुर्बीण नाही, छापील कागद नाही, पण तुम्हाला ‘नाय’ म्हणू शकणारी दुसरी कंपनी या खाडीत नाही. सव्वीस तारखेची सुट्टी सोडा. रविवार एकोणतीसला या, चतुर्दशी आहे, पाणी बाराला भरेल. साडेनऊला वाडीत हजर राहायचं, ही त्यांची वेळ आहे. बारा जणींच्या जुन्या चपला आणाव्यात.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
पुंडलिक

ता. क. : एक छोटंसं काम. वैशालीबाई तुला फार मानतात, त्या शिबिरात तुमची ओळख झाली तेव्हापासून. तर त्यांना दोन ओळी लिही की, ‘जलमोती विहार’ तूच मला सुचवलं होतंस आणि मी केवळ मोठ्या बहिणीचा शब्द मोडला नाही. यात खोटं काही नाही. तू सुचवू शकली असतीस.

ता. क. २ : पत्रावर तारीख डिसेंबरची टाक.

ता. क. ३ (अक्षर माझं, नम्रताचं) : वन्सं, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तसलं काही लिहू नका. यांनी तुम्हाला एक सांगितलेलं नाही. सहलीच्या दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात यांनी फळ्यावर ‘काल मी काय चुकलो’ असं लिहून अख्खा तास घेतला आणि तिथीवरून पाणी कसं ओळखायचं ते बायजाबाईंचं नाव घेऊन शिकवलं. वैशालीबाई दाराबाहेर शेवटपर्यंत उभ्या होत्या. काल हळदीकुंकवाला आल्या तेव्हा म्हणाल्या, पर्यवेक्षक हेच, सोमवारी कागद निघेल. मी यांना अजून सांगितलेलं नाही. गेले आठ दिवस न सांगता भांडी विसळतायत, सोमवारपर्यंत विसळू देत.