समुद्राचा पल्याडचा काठ

गुरुजी, तुमी जाऊन लय वर्सं झाली, पण आज मला तुमच्याशी भांडायचं हाय. तवा जमलं न्हाई. तिसरीतली पोर मी, नाक पुसायचं का बोलायचं, दोनातलं एकच व्हायचं. आता साठीच्या म्होरं गेले, मालक जाऊन सहा वर्सं झाली, घरात मला गप बस म्हणणारं कुणी उरलं न्हाई. तर ऐकून घ्या.

शनवार हुता. चारी वर्ग एका खोलीत आन् तुमी एकटे. तुमी वाईकडनं आलेले, टोपी कवा वाकडी व्हायची न्हाई. म्हणलासा, "आज समुद्रकिनारा काढा." आमाला पाणी म्हंजी कृष्णा. मी मन लावून काढला. अल्याड वाळू, मधी पाणी, पाण्यात दोन म्हशी, आन् पल्याडच्या काठावर उसाचा फड. तुमी कागद वर धरून सगळ्यांना दाखवलासा. "अगं येडे, समुद्राला पल्याडचा काठ नसतो!" आन् तांबड्या पेन्सिलीनं माझ्या उसावर ह्या टोकापासनं त्या टोकापतोर रेघ. वर्ग हसला, तुमी बी हसलासा. त्या दिवसापासनं मी चित्राच्या कागदाला हात लावला न्हाई. दारात रांगोळी तेवढी काढत आले. तिच्यावर कुणी रेघ मारत न्हाई, लय झालं तर कोंबडी चालून जाती.

ती रांगोळीच नडली बगा. औंदा शाळेच्या बाई दारात थांबल्या. "आजी, सुट्टीत आठ दिवस बारक्या पोरांना चित्रं शिकवा की."

"आवं बाई, मी चौथी शिकलेली."

"पोरं पहिलीतली हायत. तुमी तीन वर्गांनी म्होरं."

पलूसला जाऊन खडू आणले. पयल्याच दिवशी पोरं वरडली, "आजी, समुद्र! निवांत बसायचा समुद्र!" मोबाईलवर बघत्यात की सारखी. मग मी सोपं करून दिलं. कागदाच्या मधी पट्टीनं एक सरळ रेघ, तितं आभाळ आन् पाणी भेटतं. खाली एक वाकडीतिकडी रेघ, तितनं वाळू. सूर्य अर्धाच, बाकीचा बुडालाय. छत्री म्हंजी कलिंगडाची फोड आन् तिला काठी. निळा खडू आडवा धरून घासायचा, मग बोटानं पुसत पुसत खाली फिका करायचा. पोरांनी बोटं निळी केली, नाकं निळी केली. नारळाची झाडं मातूर समद्यांची उसासारखी आली, कांड्याकांड्यांची. येका पोरीनं छत्रीखाली खुर्चीत बाई बसवली आन् बाईच्या मांडीवर मेथीची जुडी दिली. मी म्हणलं, "अगं, ती निवांत बसायला आलीया." तर म्हणती, "नुसती कशी बसंल?" माझं हसून हसून पोट दुखलं.

त्या हसण्याच्या भरात मी एका कडंच्या पोरीपाशी गेले. सगळ्यांत बारकी, लय कमी बोलणारी. तिच्या समुद्राला पल्याडचा काठ हुता. हिरवागार. माझ्या तोंडातनं काय निघालं असंल? "अगं येडे, समुद्राला पल्याडचा काठ नसतो. पूस ते." तुमचाच आवाज, गुरुजी. वर्ग हसला. तिनं खोडरबर घेतला आन् कागद फाटंपतोर घासला.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली न्हाई. तिसऱ्या दिवशी बी न्हाई. मी इतकी वर्सं एक रेघ उरात धरून बसले, आन् तीच रेघ ह्या लेकराच्या नशिबी घालून मोकळी झाले. आता ही कवा खडू धरायची? साठीत?

उन्हं तापायच्या आत तिच्या घरी गेले. तिची आई म्हणली, "चित्राला जायाचंच न्हाई म्हणती. आन् तो काठ तिनं उगा काढला न्हवता, मावशी. तिचे पप्पा मिल्ट्रीत. अंदमानला बदली झालीया. बोटीतनं गेले. ते पल्याड हायत."

गुरुजी, पल्याडचा काठ असतो! लांब असतो म्हणून दिसत न्हाई, एवढंच. आपण दोघं बी चुकलो.

पोरगी दाराआडनं बघत हुती. तिला मी माझी गोष्ट सांगितली, शनवार, म्हशी, ऊस, तांबडी रेघ, सगळी. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणली, "मग तुमी रडला?"

"लय."

"मग गुरुजींनी सॉरी म्हणलं?"

मी न्हाई म्हणणार हुते, तर येकदम आठवलं. सोमवारी तुमी माझ्या हातात निळ्या खडूचा तुकडा दिलासा आन् म्हणलासा, "आजपासनं फळ्यावर तारीख तू लिहायची." चौथी सुटंपतोर मीच लिहीत हुते. मला वाटायचं, शिक्षा हाय. आवं, तुमच्या पिढीच्या माणसाला सॉरी म्हणायला खडूच लागायचा. तोंड उघडलं असतं तर काय टोपी पडली असती का?

मी पोरीला म्हणलं, "मी म्हणते की सॉरी. चुकले मी."

तिनं इचार केला. "मग उद्या तुमी बी काढायचा. पल्याडचा."

आज आमी दोघींनी शेजारी बसून काढला. तिनं पल्याड पप्पा काढले, टोपीवाले, हात वर केल्याले. मग बाकीच्यांना बी काठ पायजे झाला. आता आमच्या समुद्रापल्याड अंदमान हाय, पुणं हाय, आन् येकाच्या मामाचं कराड बी हाय. बाईंनी बघितलं आन् इचारलं, "आजी, दिवाळीच्या सुट्टीत बी घेता का वर्ग?" मी लाजत न्हाई कवा, पण लाजले. व्हय म्हणलं.

हे पत्र काय मी टाकणार न्हाई. टाकायचं कुठं, आन् तुमी शुद्धलेखनाच्या चुका काढत बसणार. पण येक सांगून टाकते. पोरगी काय केल्या हलंना, म्हणून गोष्टीत मी जरा तिखटमीठ लावलं. म्हणलं, गुरुजींनी मला चार छड्या मारल्या, हात सुजला. तुमी तर आयुष्यात कुणाला हात लावला न्हाई. आता ती पोरगी साऱ्या गावात सांगत फिरतीया, आन् मी अजून कुणाला खरं सांगितलेलं न्हाई.