न उघडलेलं पेव

प्रिय राजेश्वरी,

साताऱ्याच्या नव्या बंगल्यात सगळे मजेत असाल. तुझा निरोप काल तुझ्या भावाने, रविराजने, दारात उभं राहूनच सांगितला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणे, तुझ्या साहेबांची बढती अडकलीय, तेव्हा लहानपणीच्या मैत्रीखातर मी त्यांच्यावरची तक्रार मागे घ्यावी. मैत्री आठवली, बरं वाटलं. माझा आसिफ तुरुंगात होता त्या नऊ वर्षांत मात्र तिचीही बदली झाली असावी.

आसिफने मोटर रिवाइंडिंगचं दुकान पुन्हा उघडलंय. गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघतं, मग मोटर खाली ठेवायची की नाही ते ठरवतं. बाप आत गेला तेव्हा तहरीम रांगत होती. आता पाहुण्याला द्यावं तसं त्याला पाणी देते आणि आत निघून जाते. हायकोर्टाने त्याला सोडलं ते संशयाचा फायदा देऊन. गल्लीतल्या बाया म्हणतात, "सुटला न्हवं? मग आता कशाला उकरतीस गं?" म्हणजे आम्ही फायद्यात! राग येतो, राजू. अजून ताजाच येतो.

आसिफच्या खटल्याचा तपास साहेबांकडेच होता. ते माणदेशातले, त्यांना हळद साठवायचं पेव काय ठाऊक? पंचनाम्यात लिहून मोकळे झाले, की ज्या मुनिमाच्या खुनासाठी आसिफला धरलं, त्या खुनातला कोयता त्यानेच तुझ्या आबांच्या परड्यातल्या पेवातून काढून दिला. दुपारी पेव उघडलं आणि तो लगेच आत उतरला. आपल्या हरिपूरची शेंबडी पोरंही हसतील. जमिनीतला एवढा खोल खड्डा, महिनोन्महिने मातीने बंद केलेला. उघडल्यावर आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत कुणी उतरत नाही. आपण नुसतं जवळ गेलो तरी आबा ओरडायचे, "व्हा लांब! मरायचं हाय व्हय?" त्यावरूनच हायकोर्टाला शंका आली. खालच्या कोर्टात मी जीव तोडून सांगितलं होतं, पण आरोपीच्या बायकोचं कोण ऐकतं? आबांना कुणी बोलावलंच नाही, आणि आता ते राहिले नाहीत.

पण तू आहेस. तू तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होतीस. पंचनाम्यावर जी तारीख आहे त्याच दिवशी, आसिफला नेलं म्हणून सकाळीच मी तहरीमला कडेवर घेऊन तुझ्याकडे धावत आले. बंद पेवाच्या मातीवर तुझ्या तान्ह्या साईराजची दुपटी वाळत होती. तिथेच बसून मी रडत होते आणि तू माझा हात धरून म्हणालीस, मी सांगते त्यांना. दिवस मावळेपर्यंत तिथे ना पोलीस आला, ना पंच. तू त्यांना सांगितलंस की नाही, हे मी विचारणार नाही. दोन्ही उत्तरं मला सोसायची नाहीत.

खोट्या पंचनाम्याची तक्रार मी मागे घेणार नाही. फौजदाराच्या बायकोला साक्षीला कोण बोलावतं, म्हणून आमच्या पहिल्या वकिलाने हात झटकले होते. नवी वकील, समीक्षा, तशी नाही. चौकशीत साक्षीदार म्हणून आम्ही तुझं नाव दिलंय. त्या दुपारी पेव उघडलं होतं का, एवढंच तुला विचारतील. समन्स घरी येईल तेव्हा साहेब समोर असतील. त्यांच्या देखत पहिल्यांदा कळू नये, म्हणून आधी लिहिलं. मैत्रीखातर मला एवढंच करता येतं. पुढचं तू कर.

तुझीच, अजून तरी,
जैनब